लाल, लाल, तपकिरी

मला लाल रंग दिसत नाही. अगदीच दिसत नाही असंही नाही. दिसतो, पण मळकट, काळपट, कुणीतरी त्याच्यावर चहा सांडल्यासारखा. हिरवा आणि तपकिरी तर माझ्या डोळ्यांना सख्खे जुळे. एखाद्या वकिलाच्या किंवा न्हाव्याच्या वाट्याला हे आलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी मात्र जुने इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतो, आणि या धंद्यात रंग ओळखणं म्हणजे अक्षर ओळखणं.

बोर्डावर रेझिस्टर नावाचे तांदळाएवढे, शेंगदाण्याएवढे भाग असतात. विजेला वाटेत अडवून, दमवून, हवी तेवढीच पुढे सोडायची हे त्यांचं काम. कोण किती अडवतो हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं, रंगीत पट्ट्यांत सांगितलेलं असतं. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, असं पुढे. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा त्यांच्यापुढे किती शून्यं द्यायची ते सांगतो. ही भाषा ज्या कुणी शोधून काढली, त्याला जगात माझ्यासारखी माणसं असतात हे ठाऊक नसावं. आणि ती माणसं नेमकी याच धंद्यात शिरतील हे तर स्वप्नातही आलं नसेल.

तुम्ही विचाराल, मग शिरलात कसे? माहीत नव्हतं म्हणून. तरुणपणी मी वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात दुरुस्ती विभागात लागलो. तिथे प्रत्येक भाग आपापल्या खणात, आणि खणावर ठसठशीत आकडा. हात घालावा, उचलावा, जोडावा. कधी शंका आली तर मीटर लावावा, मीटरला रंगाशी देणंघेणं नसतं. अशी सगळी नोकरी संपली. निवृत्त होताना साहेबांनी भाषणात माझ्या ‘तीक्ष्ण नजरेचं’ कौतुक केलं. मीही मान डोलावली.

शोध लावला तो बायकोने. ती विणते. आमच्या घरात बसायच्या प्रत्येक जागेवर आधी लोकर बसलेली असते. लग्नाला वर्षही झालं नसेल, तिने मला नमुन्याचा धागा देऊन हिरवी लोकर आणायला पाठवलं. मी धागा जुळवून, दुकानदाराशी हुज्जत घालून, हा नको तो दाखव करत लोकर आणली. तिने पिशवी उघडली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिशवीत पाहिलं.

“अहो, ही तपकिरी आहे.”

“तेच ते,” मी म्हणालो.

“तेच ते?”

मग तिने माझी परीक्षा घेतली. पलंगावर लोकरीचे गुंडे मांडले आणि एकेक उचलून विचारू लागली. मी छातीठोकपणे उत्तरं देत गेलो. शेवटी ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. मीही हसलो, पण ते लोकलाजेस्तव.

निवृत्तीनंतर बंद केलेल्या गॅलरीत मी टेबल टाकलं, वर दिवा, कपाळाला भिंग आणि भिंगालाच जोडलेली बॅटरी. शेजारपाजारच्या मुलांनी नाव पाडलं ‘भिंगकाका’, ते मोठ्यांनीही उचललं. जुने रेडिओ, शिवणयंत्राचे वेग बदलणारे बोर्ड, पाण्याच्या पंपाचे बोर्ड, असं काय काय यायचं. आणि इथे खणांवर आकडे नव्हते. म्हणून आमची एक पद्धत पडली. मी आतून हाक मारायची, “अगं, जरा रंग वाच.” ती सुया हातात घेऊनच यायची, चष्मा नाकावर ओढायची आणि बातम्या वाचाव्यात तशी वाचायची. “पिवळा, जांभळा, लाल, सोनेरी. झालं? माझे टाके सुटतायत.” आणि जायची. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं की मात्र मी हाक मारत नसे. तेव्हा मी भिंग खाली ओढून, “हं... हं...” असा आवाज काढत विचारमग्न होऊन बसे. गिऱ्हाईक गेलं की मग हाक.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. वय तिशीतलं, हात हलका, बोलणं गोड. खुर्ची मात्र त्यांनी एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतलेली, त्यांच्याहून वयाने मोठी. एक दिवस तिची पाठ मागे जाईना. कंपनीने सांगितलं, या खुर्चीचे भाग आता मिळत नाहीत, नवीन घ्या. डॉक्टर माझ्याकडे आल्या.

योग असा की तेव्हा बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. जाताना दारातून म्हणाली होती, “रंगाचं काम आलं तर माझी वाट बघा. उगाच पराक्रम करू नका.” पराक्रम हा शब्द तिने वापरायला नको होता. तो शब्द ऐकला की माझ्यातला पुरुष जागा होतो, आणि तो फारसा हुशार नाही.

मी दवाखान्यात गेलो, खुर्चीच्या बाजूचं झाकण काढलं. बोर्डावर ओळीने चार रिले. रिले म्हणजे विजेने चालणारं बटण, आतल्या तारेच्या गुंडाळीत वीज आली की ‘टक’ करून लागतं, वीज गेली की ‘टक’ करून सुटतं. खुर्ची वर, खुर्ची खाली, पाठ मागे, पाठ पुढे, अशी चौघांची चार कामं. प्रत्येकाच्या आधी एकेक जाडसर रेझिस्टर पहाऱ्याला. त्यातला ‘पाठ मागे’चा रेझिस्टर बोर्डाला चिकटून बसल्यामुळे वर्षानुवर्षं तापत आला होता आणि शेवटी करपून गेला होता. मीटर लावला तर काहीच दाखवेना, आत तुटलेला. राहिले पट्टे.

मी भिंग ओढलं. पहिला पट्टा गडद. दुसराही तसाच गडद. तिसरा त्याहून गडद. “लाल, लाल,” मी मनाशी म्हणालो, कारण लाल माझ्याकडे असाच येतो. तिसरा मग काळा. लाल, लाल, काळा म्हणजे बावीस. तो तपकिरी असता तर दोनशे वीस झाले असते, दहापट. पण तपकिरी कसा असेल? मला तर काळा दिसत होता. माझं मत आणि माझा डोळा, दोघांची साक्ष जुळत होती. एकाच घरातले दोन साक्षीदार जुळले तर त्यात नवल काय, हे सुचायला हवं होतं.

डॉक्टर शेजारीच उभ्या होत्या. दिवसभर पांढऱ्यातल्या पांढऱ्या छटा ओळखून लोकांच्या दाताला दात जुळवणारी बाई. “हा पट्टा कुठला हो?” एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण त्या “काका, तुम्ही आहात म्हणून बरं” असं म्हणाल्या होत्या, आणि त्यानंतर माणूस रंग विचारत नाही.

मी बावीसचा रेझिस्टर बसवला. जाडी चुकवली नाही बरं का. जुना दोन वॅटचा होता, तर मीही दोन वॅटचाच निवडला. कमी जाडीचा तापून लगेच मेला असता, इतपत अक्कल मला आहे. शर्टाचं माप अचूक घेऊन शर्ट शेजाऱ्याला शिवावा, तसं ते झालं. बटण दाबलं. रिले ‘टक’ न करता ‘टाक्!’ असा वाजला आणि पाठ सुरसुर मागे गेली.

“आधीपेक्षा जोरात वाजतंय ना?” डॉक्टर म्हणाल्या.

“मजबूत झालंय,” मी म्हणालो.

खरी गोष्ट अशी की बारा व्होल्टच्या त्या बिचाऱ्या रिलेला मी जवळजवळ दुप्पट वीज पाजत होतो. तो आनंदाने ओरडत नव्हता, मदतीसाठी ओरडत होता.

बायको परत आली. मी तिला सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच. ती म्हणाली, “रंग कुणी वाचले?” मी म्हणालो, “अनुभवाने.” तिच्या सुया जोरात चालू लागल्या.

पुढे काही आठवड्यांनी माझी दाढ दुखायला लागली. दुसरा दवाखाना शोधायचं कारणच नव्हतं, उलट आपणच चालू केलेल्या खुर्चीवर मानाने बसायची हौस होती. बायको सोबत आली आणि बाहेरच्या बाकावर विणत बसली. मी हत्यारांची पिशवी सवयीने बरोबर घेतली होती, ती कोपऱ्यात ठेवून आत ऐसपैस बसलो.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. ओठ जड झाला, मग माझा राहिला नाही. गालात कापसाचे बोळे बसले. दाढ थोडी कोरून झाली. मग “जरा मागे घेते हं” म्हणत त्यांनी पाठीचं बटण दाबलं. टाक्! पाठ मागे निघाली. त्यांनी बोट उचललं. पाठ थांबली नाही.

त्यांनी पुन्हा बटण दाबून सोडलं. मग ‘पुढे’चं दाबलं. मग सगळीच दाबली. मी शांतपणे, राजाच्या मिरवणुकीसारखा, मागे मागे जात होतो. डोकं खाली, पाय वर. आणि तेवढ्यात मला तो वास आला. तापलेल्या तारेच्या वार्निशचा. आयुष्यभर ज्याच्या मागे मी फिरलो तो वास माझ्याच खालून येत होता. सुटतानाची ‘टक’ ऐकू आली नव्हती, हेही ध्यानात आलं. रिले आत चिकटला होता. आणि का चिकटला, हेही तिथेच, उलटं लटकताना, रक्त डोक्यात उतरल्यामुळे असेल, लख्ख कळलं.

शेवटच्या टोकाला असलेल्या सुरक्षेच्या बटणाने खुर्ची अडवली. ते बटण मी दुरुस्त केलेलं नव्हतं, म्हणून चाललं.

आता मेन बंद करायला सांगणं भाग होतं. लहानपणी शाळेत ओष्ठ्य वर्ण पाठ केले होते, प, फ, ब, भ, म. त्यांचा उपयोग काय, असं तेव्हा वाटायचं. ओठ बधिर झाल्यावर कळलं.

“हेन हंद करा!” मी ओरडलो.

“दुखतंय का काका?”

“हेन! हेन हंद!”

“हो हो, लगेच थांबते. घाबरू नका.” त्यांनी माझा खांदा थोपटला.

मी हात हलवून दाराकडे दाखवलं. “हायकोला होलवा!”

डॉक्टरांचा चेहरा पडला. “हायकोर्ट? काका, एवढ्यासाठी हायकोर्टात जाणार तुम्ही?”

तसं त्यांचं फार चुकलं नव्हतं. आमच्या घरात अपिलाची शेवटची जागा बायकोच. गलका ऐकून ती स्वतःच आत आली, हातात लोकर, आणि दारातच थबकली. खाली डोकं, वर पाय अशा अवस्थेत नवरा बघितल्यावर दुसरी बाई किंचाळली असती. तिची नजर आधी माझ्या पायांवर गेली, कारण खोलीत सगळ्यात उंच तेच होते.

“अहो, हे मोजे!”

तिनेच विणलेले होते. एक हिरवा, एक तपकिरी. सकाळी मी खास जोडी बघून घातली होती.

“हेन हंद,” मी क्षीण आवाजात म्हणालो.

“मेन बंद करा म्हणतायत,” तिने डॉक्टरांना सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझं याहून अस्पष्ट बोलणं समजून घेतलंय. डॉक्टरांनी धावत जाऊन प्लग काढला. वास कमी होत गेला. मग दोघींनी मिळून मला कुशीवर वळवून, गादी सोडवावी तसं खुर्चीवरून उतरवलं.

मी जमिनीवर बसलो आणि दम खाऊन हाताच्या खुणेने पिशवीतला स्क्रूड्रायव्हर मागितला. डॉक्टर म्हणाल्या, “काका, आधी दाढ.” मी मान हलवली. दाढेला बधिर केलेलं होतं, अब्रूला नव्हतं.

झाकण उघडलं. रिलेचा प्लॅस्टिकचा सांगाडा उन्हातल्या मेणबत्तीसारखा कलला होता. आतली पट्टी त्यात रुतून बसली होती. शेजारी माझा बावीसचा रेझिस्टर मात्र टवटवीत. त्याला काय झालं होतं? त्याने कुणाला अडवलंच नव्हतं.

बायको माझ्या शेजारी उकिडवी बसली, चष्मा ओढला. मी जळका रिले दाखवला. तिने तो बघितला न बघितला, आणि बोट पलीकडच्या रेझिस्टरांच्या ओळीवर ठेवलं.

“आणि हे कोण?”

मी पाहिलं.

“हे बघा ना, ओळीने तीन. याचेच भाऊ दिसतायत. एकाच मापाचे, एकाच जागी, एकसारखे पट्टे. हे तर करपलेले पण नाहीत.” ती वाचू लागली, त्याच बातम्यांच्या आवाजात. “लाल, लाल, तपकिरी. लाल, लाल, तपकिरी. लाल, लाल, तपकिरी. अहो, एक जळला तर शेजारच्याला विचारायचं ना!”

बधिर ओठाचा पहिल्यांदाच आधार वाटला. कारण रंग दिसत नाही ही सबब इथे चालणारीच नव्हती. त्या तिघांपैकी एकाचा एक पाय सोडवून मीटर लावला असता तर आंधळ्यालाही दोनशे वीस कळले असते. चार सारख्या कामांना चार सारखे पहारेकरी असतात, हे दुरुस्तीच्या पहिल्या इयत्तेतलं. कारखान्यात नव्या पोरांना मीच ते शिकवत असे, आणि जरा ओरडूनच.

डॉक्टर मागे उभ्या होत्या. “म्हणजे खुर्ची जुनी झाली म्हणून नाही ना झालं हे?” त्यांनी भीतभीत विचारलं.

चांगली संधी होती. हो म्हटलं असतं तर खुर्चीचं वय सगळं पोटात घालायला तयारच होतं. मी मान हलवली. “नाही. चूक हाझी.”

“कुणाची?”

“हाझी. हाझी चूक.”

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने विणकाम मांडीवर ठेवलं. “थांबा, नीट ऐकू दे. अहो, परत म्हणा.”

“हाझी चूक!”

“माझी चूक, असं म्हणतायत ते,” ती सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाली. “मीही पहिल्यांदाच ऐकते आहे, म्हणून खात्री करून घेतली.”

डॉक्टर हसायला लागल्या. बायको हसायला लागली. मीही हसलो, पण अर्ध्याच तोंडाने. उरलेलं अर्धं अजून माझ्या ताब्यात नव्हतं.

दाढ तर उघडी होती. डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवून डोकं भिंतीला टेकवलं. वरचा दिवा खुर्चीलाच जोडलेला, म्हणून तोही गेलेला. शेवटी माझ्या पिशवीतलं भिंग त्यांनी कपाळाला बांधलं, बॅटरी लावली आणि दाढ भरली. “छान दिसतं हो यातून,” त्या म्हणाल्या. बायको म्हणाली, “यांना सोडून सगळ्यांना दिसतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नवा रिले घेऊन गेलो. दोनशे वीसचा रेझिस्टर तिने डबीतून शोधला, मी तरीही मीटर लावला, तिने तरीही पुन्हा वाचला. या वेळी तो बोर्डाला टेकवून न बसवता पाय लांब ठेवून उंच बसवला, खालून वारा लागावा म्हणून. उरलेल्या तिघांनाही तसंच उचललं. बटण दाबलं. टक. सोडलं. टक. इतका बेताचा, सभ्य आवाज की मला आधीच्या ‘टाक्’ची लाज वाटली. डॉक्टर काही खुर्चीवर बसायला कुणाला बोलवेनात, म्हणून मीच बसलो आणि बायको तासभर बटणं दाबत राहिली. मागे, पुढे, वर, खाली. तासभर कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, “खात्री.” ती खुर्चीची खात्री करत होती की माझी वसुली, ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकासमोरही हाक मारतो. सुरुवातीला जड गेलं. एका गृहस्थांनी विचारलंच, “तुम्हाला रंग दिसत नाहीत?” मी म्हटलं, “निम्मे दिसतात. उरलेले आत विणत बसलेत.” आता लोक बोर्ड घेऊन येतात ते दारातूनच विचारतात, “काकू आहेत ना?” नसल्या तर बोर्ड ठेवून जात नाहीत. हा अपमान आहे, पण त्यात तथ्य आहे.

काकूही शेफारली आहे. पूर्वी नुसती वाचायची, आता मत देते. जुन्या रेडिओतला एखादा रेझिस्टर मीटरवर जरा जास्त दाखवत असला तर मी म्हणतो, म्हातारा झालाय, वयाने सगळेच थोडे जास्त अडवतात, चालेल तेवढं. ती म्हणते, किती जास्त? मी आकडा सांगतो. ती शेवटचा पट्टा बघते, सोनेरी की रुपेरी. तो पट्टा म्हणजे किती इकडेतिकडे चालेल याची हद्द. सोनेरी असला की ती मान हलवते, “सोनेरी आहे, एवढं चालणार नाही, बदला.” आणि दहातल्या नऊ वेळा तिचं बरोबर निघतं. दहाव्या वेळी मी दिवसभर खुशीत असतो.

डॉक्टरांनी मध्यंतरी मोठी जागा घेतली, नवी खुर्ची आणली. जुनी खुर्ची उत्तम चालत होती. “काका, तुम्हाला हवी का? आठवण म्हणून?” त्यांनी मनापासून विचारलं. मला हवी होती. गॅलरीत टेबलासमोर बसली असती झकास. मी बायकोकडे पाहिलं.

“नको,” ती डॉक्टरांना म्हणाली. “मागे गेलं की पुढे न येणारं एक आहे घरात.”

मग ती खुर्ची दंतवैद्यक शिकवणाऱ्या एका कॉलेजात गेली. अजून चालते म्हणे. मी दाढेसाठी तिकडे कधी गेलेलो नाही.